देव लपंडाव खेळत नाही

उपासना संपते, लोक पांगतात आणि एखादा मुलगा किंवा मुलगी मागे रेंगाळते. बाकीचे गेल्याची खात्री करून जवळ येते आणि हलक्या आवाजात विचारते, "माझ्या आयुष्याविषयी देवाची योजना काय आहे, हे मला कळणार कसं?" आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुणांबरोबर काम करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता शब्दांपेक्षा विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष जातं. तिथे कुतूहल क्वचित दिसतं. बहुतेक वेळा भीती असते. चुकीचा अभ्यासक्रम निवडला तर? चुकीच्या माणसाशी लग्न झालं तर? देवाने आखलेली वाट एकदा हुकली आणि उरलेलं आयुष्य त्याच्या मर्जीबाहेर काढावं लागलं तर?

ही भीती मला ओळखीची आहे. शिक्षण संपल्यावर मी तीन वर्षं खुणेची वाट पाहत काढली. उपास केले, वचनं लिहून काढली, रोज पहाटे गुडघे टेकले. घरात वडील आजारी होते, धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं. हाताशी आलेल्या दोन नोकऱ्या मी "देवाकडून अजून स्पष्ट होत नाहीये" असं म्हणून सोडल्या. आईने मला एकदाही टोकलं नाही. ती फक्त शिकवण्या वाढवत गेली. संध्याकाळी सहापासून नऊपर्यंत ती बाहेरच्या खोलीत मुलांकडून पाढे म्हणून घ्यायची आणि रात्री जेवताना तिच्या घशातून आवाज फुटत नसे. आतल्या खोलीत दार लावून मी देवाची इच्छा शोधत होतो. आईबापाचा मान राख, ही आज्ञा मला तेव्हाही तोंडपाठ होती.

त्या तीन वर्षांनी मला जे शिकवलं, तेच इथे मांडायचं आहे. आपण देवाच्या इच्छेचं गुपित करून टाकलंय. त्याने जे उघड सांगितलं आहे ते बाजूला ठेवून, जे सांगितलेलं नाही ते खणून काढण्यात आपली तरुण मुलं झिजतायत, आणि आपली व्याख्यानं, शिबिरं आणि साक्षी, म्हणजे देवाच्या अनुभवाची सांगितलेली कथनं, त्यांना त्याच दिशेला ढकलतायत. माझ्या समजुतीप्रमाणे विश्वासणाऱ्याच्या आयुष्याचा उद्देश उघड आज्ञा पाळत चालताना घडत जातो, आणि बऱ्याचदा मागे वळून पाहिलं की मग ओळखू येतो. मंडळीने हे स्पष्टपणे शिकवलं पाहिजे.

सुरुवात त्याच वचनापासून करू, जे या विषयावर सगळ्यात जास्त वापरलं जातं. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं परमेश्वर म्हणतो. निकालाच्या आदल्या दिवशी, मुलाखतीला जाताना, लग्नपत्रिकेवर, भिंतीवरच्या चौकटीत हे वचन असतं. त्या तीन वर्षांत मी वचनं लिहीत होतो त्या वहीच्या पहिल्या पानावरही होतं. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे, आणि पत्र कुणाला लिहिलंय हे आपण विसरतो. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतून धरून नेलेल्या लोकांना ते लिहिलेलं आहे. घरदार गेलेलं, मंदिर दूर राहिलेलं, शत्रूच्या मुलखात आणून टाकलेली माणसं. त्यांच्याच काळात हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने लिहिलं, सत्तर वर्षं.

सत्तर वर्षं म्हणजे काय, याचा हिशेब त्या माणसांनी नक्की केला असणार. पत्र ऐकताना जो तीस वर्षांचा होता, तो परत जाणार नव्हता. "हिताचे संकल्प" त्याच्या नातवंडांच्या वाट्याला येणार होते. मग त्याने स्वतः काय करायचं? पत्रात तेही आहे, अकराव्या वचनाच्या आधीच. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. एवढंच. शत्रूच्या शहरात साधं, कष्टाचं, उपयोगी आयुष्य. देवाची मोठी योजना सत्तर वर्षांची होती आणि तिच्यातला एका माणसाचा वाटा म्हणजे भिंत बांधणं, रोप लावणं, ज्यांनी आपल्याला ओढून आणलं त्यांच्या भल्यासाठी देवापुढे हात जोडणं.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या नजरेतून सुटते. आपल्या बोलण्यात "तुम्ही" एकट्यालाही म्हणतात, मानाने. त्यामुळे "तुमच्याविषयी माझे संकल्प" वाचताना प्रत्येकाला वाटतं, देव खास माझ्याशी बोलतोय. पण पवित्र शास्त्रात देव एकट्या माणसाशी बोलतो तेव्हा "तू" म्हणतो. अब्राहामाला तू, मोशेला तू, यिर्मयाला स्वतःलाही तू. इथलं "तुम्ही" अनेकांचं आहे, बंदिवासातल्या अख्ख्या समाजाचं. या वचनात मला दिलासा नाही असं नाही. मीही त्याच देवाच्या लोकांपैकी आहे आणि त्याचं मन बदललेलं नाही. पण माझी नोकरी, माझं शहर, माझा जोडीदार यांचा नकाशा त्या वचनात शोधला, तर मी दुसऱ्याचं पत्र माझ्या नावावर फोडतोय.

आता खुणांकडे वळू. "दार उघडलं" आणि "मनाला शांती वाटली" हे दोन शब्दप्रयोग आपल्या साक्षींमध्ये इतके रुळलेत की त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही. नोकरी मिळाली, म्हणजे दार उघडलं. परदेशी जाण्याची परवानगी आली, म्हणजे देवाने वाट मोकळी केली. मनात खळबळ नाही, म्हणजे देवाची संमती. मी हे हसण्यावारी नेत नाही. देव परिस्थितीतून चालवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण हीच फूटपट्टी योना संदेष्ट्याला लावून पाहा. देवाने त्याला निनवेला जायला सांगितलं, आणि तो उलट दिशेला तार्शीशला निघाला. याफोच्या बंदरात पोहोचला तर तार्शीशला जाणारं जहाज उभंच होतं. भाड्याला पैसेही होते. दार सताड उघडं! आणि जहाजात चढल्यावर तळाशी जाऊन तो गाढ झोपला. वादळ उठलं, खलाशी आपापल्या देवांना हाका मारू लागले, माल समुद्रात फेकू लागले, तरी याची झोप मोडेना. उघडं दार आणि मनाची शांती, दोन्ही खुणा जुळल्या होत्या आणि माणूस देवापासून पळत होता.

याच्या उलट गेथशेमाने बाग. प्रभू येशू पित्याच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी होता आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. तिथे शांती कुठे होती? झोप होती ती शिष्यांना.

प्रेषित पौलाने तर एका ठिकाणी उघडं दार सोडून दिल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय पाहा. तो त्रोवसला गेला, प्रभूच्या कार्यासाठी दार उघडलेलं होतं, पण त्याचा सहकारी तीत तिथे भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो निरोप घेऊन मासेदोनियाला निघून गेला. एका भावाच्या काळजीने. त्यासाठी त्याने कुठे क्षमा मागितलेली नाही, आपण देवाची योजना हुकवली असंही म्हटलेलं नाही. मला हा उतारा फार जवळचा वाटतो, कारण यात एक मोठा प्रेषित आपल्यासारखाच चिंता करताना, ठरवताना, निघताना दिसतो.

जुन्या करारातल्या गिदोनाच्या लोकरीबद्दल फार लिहायला नको. लोकर ओली आणि जमीन कोरडी, मग जमीन ओली आणि लोकर कोरडी, अशी खूण मागताना तो स्वतःच देवाला म्हणतो, "तू सांगितल्याप्रमाणे." म्हणजे देवाने काय सांगितलंय हे त्याला ठाऊक होतं. खूण मागितली ती कळण्यासाठी नव्हे, धीर होत नव्हता म्हणून. देवाने त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतलं. त्याच्या भित्रेपणाची आपण पद्धत करून टाकली.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला भाग पाडलं, तिच्याकडे येतो. "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय." हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये किती सहज उच्चारलं जातं! कुणी प्रार्थनासभेत डोळे मिटून म्हणतं, कुणी घरी येऊन सांगतं, कुणी फोनवर. तू ही नोकरी सोड. तू या मुलाशी लग्न कर. तू अमुक रक्कम दे, मग देव दार उघडील. आणि ज्याला आपल्या आयुष्याविषयीची देवाची योजना चुकण्याची भीती घातलेली आहे, तो असं वाक्य झिडकारू शकत नाही. एका मुलीला मी जवळून पाहिलंय. मनात नसलेल्या स्थळाला तिने होकार दिला, कारण ज्यांना ती वडिलांसारखं मानत होती त्यांनी दर्शन झाल्याचं सांगितलं. पुढे तिचं जे व्हायचं ते झालं, आणि दर्शन सांगणारे म्हणाले की तुझाच विश्वास कमी पडला. त्या दोन वाक्यांच्या मध्ये तिची सहा वर्षं गेली. त्यानंतर किती तरी दिवस तिला प्रार्थनेला बसवत नव्हतं. देवाचं नाव घेतलं की तिला तोच आवाज ऐकू यायचा.

पहिल्या राजे पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक घटना आहे, जी व्यासपीठावरून फारशी ऐकू येत नाही. यहूदातून देवाचा एक माणूस बेथेलला आला. यराबाम राजासमोर त्याने देवाचं वचन निर्भयपणे सांगितलं. इथे अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, आल्या वाटेने परतायचं नाही, अशी त्याला स्पष्ट आज्ञा होती, आणि राजाचं आमंत्रणही त्याने नाकारलं. मग बेथेलातला एक वृद्ध संदेष्टा त्याच्या मागोमाग गेला आणि म्हणाला, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला तुला परत आणायला सांगितलंय. शास्त्र तिथेच सांगतं की तो खोटं बोलला. यहूदातून आलेला माणूस परत गेला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. राजाच्या दबावाला जो बधला नाही, तो एका वडीलधाऱ्या धार्मिक माणसाच्या "देवाने मला सांगितलं" या शब्दापुढे वाकला. देवाने त्याला स्वतःला काय सांगितलं होतं, ते त्याला पक्कं माहीत असूनही.

म्हणून माझी पाळकांना आणि मंडळीतल्या वडीलजनांना कळकळीची विनंती आहे. दुसऱ्याच्या लग्नाबद्दल, नोकरीबद्दल, पैशाबद्दल देवाच्या नावाने हुकूम देणं बंद करा. सल्ला द्या, आपला म्हणून द्या. "मला असं वाटतं, तू विचार कर" असं म्हटल्याने कुणाचा अभिषेक, म्हणजे देवाने दिलेला अधिकार, कमी होत नाही. बिरुया नगरातल्या लोकांनी खुद्द पौलाची शिकवण शास्त्राशी ताडून पाहिली, तर त्यांना थोर मनाचे म्हटलंय. संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी, हा पौलाने करिंथच्या मंडळीला घालून दिलेला नियम आहे. जी मंडळी पारख करू देत नाही, तिथल्या तरुणांनी शांतपणे पण ठामपणे "थांबा" म्हणावं. असं म्हणणं म्हणजे पवित्र आत्म्याला विझवणं मुळीच नाही.

मग देवाची इच्छा कुठे सांगितली आहे? जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या शेवटाकडे मोशे म्हणतो की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन आहेत, पण प्रकट केलेल्या गोष्टी आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या आहेत, आपण त्या पाळाव्यात म्हणून. प्रकट केलेलं काही थोडंथोडकं नाही. "देवाची इच्छा ही आहे" असे सरळ शब्द नव्या करारात येतात तिथे पुढे काय लिहिलंय ते पाहा. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात एकदा पवित्रीकरण, आणि पुढच्या अध्यायात सर्व स्थितीत उपकारस्तुती. पेत्राच्या पहिल्या पत्रात, चांगलं करून मूर्ख माणसांच्या अज्ञानाला गप्प करणं. मीखा संदेष्ट्याला विचारलं तर न्यायाने वागणं, दयेची आवड धरणं, देवाबरोबर नम्रपणे चालणं. यात कुठे हुद्द्याचं नाव नाही, शहराचं नाही. पण यातली एकही गोष्ट अशी नाही, जी आज संध्याकाळी घरी गेल्यावर करता येणार नाही. मी त्या तीन वर्षांत यातलं एकही न करता देवाची इच्छा शोधत होतो.

आणि जे सांगितलेलं नाही ते? तिथे देवाने आपल्याला मोकळं ठेवलंय, असं मी म्हटलं की काही जण दचकतात. पण लग्नासारख्या मोठ्या गोष्टीत पौल काय म्हणतो? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी विधवेबद्दल तो लिहितो की पती मेल्यावर तिच्या मनाला येईल त्याच्याशी लग्न करायला ती मोकळी आहे, फक्त प्रभूमध्ये, म्हणजे विश्वासणाऱ्याशी. एक मर्यादा, आणि तिच्या आत तिची स्वतःची पसंती. देवाने तिच्यासाठी एकच माणूस राखून ठेवलाय आणि तो तिने शोधायचा आहे, असं पौलाने सांगितलेलं नाही. बाप मुलाला वाढवतो ते त्याने शहाणपणाने ठरवावं म्हणून. तिशीतला मुलगा प्रत्येक पावलाला "आता डावं टाकू की उजवं" असं विचारत राहिला, तर त्या बापाला धन्य वाटेल का? रोमकरांस बाराव्या अध्यायात पौल देवाची इच्छा पारखून घ्या म्हणतो, पण त्याआधी मनाचं नवीकरण सांगतो. मन बदललं की पारख येते, आणि तिला वर्षं लागतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. देव माणसांना नेमून बोलावतो की नाही? मोशेला बोलावलं, शमुवेलाला बोलावलं, शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, दिमिष्काच्या वाटेवर गाठलं. मग आपल्याला का नाही बोलावणार?

बोलावतो. आजही बोलावतो, याबद्दल मला शंका नाही. पण ज्यांना बोलावलं ती माणसं त्या वेळी काय करत होती? मोशे सासऱ्याची मेंढरं चारत होता. गिदोन चोरून गहू झोडत होता. शमुवेल झोपला होता. आमोस गुरं आणि उंबराची झाडं सांभाळत होता. मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता. शौल तर मंडळीचा छळ करायला निघाला होता. यांच्यातलं कुणीही "माझा उद्देश काय" म्हणून दार लावून बसलेलं नव्हतं. ज्याला विशेष कामाला बोलवायचं, त्याला देव बरोबर शोधून काढतो, आणि त्याचा आवाज इतका स्पष्ट असतो की योनासारख्याला न ऐकण्यासाठी पळून जावं लागतं. आपल्याला अशी हाक आली नाही, याचा अर्थ आपण कान बंद ठेवलेत असा होत नाही. हातातली मेंढरं चारावीत, असा होतो.

विल्बरफोर्सचं उदाहरण मी तरुणांना पुन्हा पुन्हा सांगतो. १७८५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, इंग्लंडचा हा खासदार ख्रिस्ताकडे मनापासून वळला आणि लगेच त्याला वाटलं की आता राजकारण सोडून देवाची सेवा केली पाहिजे. चोरून, कुणाला कळणार नाही अशा बेताने, तो जॉन न्यूटन यांच्याकडे सल्ल्याला गेला. न्यूटन एकेकाळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते आणि आता पाळक होते. तरुण, श्रीमंत, वजनदार खासदार मंडळीच्या सेवेत यायला तयार आहे म्हटल्यावर कुणालाही मोह झाला असता. न्यूटन यांनी त्याला आहे तिथेच राहायला सांगितलं. दोन वर्षांनी, १७८७ मध्ये, गुलामांचा व्यापार बंद करणं हे देवाने आपल्यापुढे ठेवलेलं काम आहे, असं त्याने रोजनिशीत लिहिलं. ठराव पडत गेले. व्यापारबंदीचा कायदा १८०७ मध्ये झाला आणि गुलामगिरीच नष्ट करणारं विधेयक कॉमन्स सभेने संमत केल्याची बातमी त्याला १८३३ मध्ये, मरणाच्या तीन दिवस आधी समजली. विल्बरफोर्सला खूण मिळाली असती तर कदाचित ती त्याला हवी तशीच वाटली असती, धर्मसेवेच्या बाजूची. त्याला मिळाला एका जाणत्या माणसाचा प्रामाणिक सल्ला.

आपल्याच भाषेतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्या. शारदा सदन या आपल्या संस्थेला काही उत्पन्न व्हावं म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. विचार साधा होता, संस्था चालवायची तर पैसा लागतो. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. उपाशी, निराधार मुलींना त्या घेऊन आल्या, आणि प्लेगच्या दिवसांत पुण्यात एवढ्या मुली ठेवणं अशक्य झालं तेव्हा ती फळबागेची जमीनच त्यांचं घर झाली. मुक्ती ही त्यांची संस्था तिथे उभी राहिली. बाग लावताना रमाबाईंना हे दिसत होतं का? त्यांनी समोरची गरज पाहिली आणि शहाणपणाने पाऊल टाकलं. योसेफालाही भावांनी खड्ड्यात टाकून विकलं तेव्हा काही दिसत नव्हतं. "देवाने मला तुमच्यापुढे पाठवलं," हे तो म्हणाला ते भाऊ धान्यासाठी दारात उभे राहिल्यावर, वीसहून अधिक वर्षांनी. ते वाक्य खड्ड्यात बसून म्हणता येण्यासारखं नव्हतंच.

पण या उदाहरणांत एक धोका आहे, आणि तो मला अलीकडे जास्त जाणवतो. विल्बरफोर्स, रमाबाई, योसेफ, सगळे शेवटी काहीतरी मोठं करून गेले. ऐकणाऱ्याच्या मनात बसतं की उद्देश म्हणजे मोठं काम. मग ज्यांच्या हातून कसलंच काम होणार नाही, त्यांचं काय? बेकार मुलगा, पाठीला दुखापत झालेला मजूर, स्मृती गेलेले आजोबा. यांना लागू पडत नाही अशी उद्देशाची शिकवण मला सुवार्तेची वाटत नाही. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीत पहिलाच प्रश्न आहे की माणसाचं मुख्य ध्येय काय, आणि उत्तर आहे, देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यामध्ये आनंद करणं. त्या उत्तरात हातापायांची, पदवीची, वयाची अट नाही. लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची होती, मंदिर सोडून जात नव्हती, उपास आणि प्रार्थना एवढंच तिचं काम. बाळ येशूला ओळखणाऱ्या मोजक्या माणसांत ती आहे.

आमच्या मंडळीत एक बाई होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. पक्षाघातानंतर उजवी बाजू गेली, वाचाही अर्धी गेली. मी दर गुरुवारी त्यांच्याकडे वाचून दाखवायला जात असे. पहिल्या भेटीत मीच त्यांना धीर द्यायला म्हटलं होतं की मावशी, देवाची तुमच्यासाठी अजून काहीतरी योजना आहे. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि उशाखालून एक वही काढली. दोनशे पानी, कडा वर वळलेली. डाव्या हाताच्या अंगठ्याने त्या पान दाबून धरायच्या आणि तर्जनी एकेका नावावरून खाली न्यायच्या. डाव्या हाताने लिहिलेली वाकडी अक्षरं, पानामागून पान नावं. काही नावांपुढे बारीक फुली, म्हणजे प्रार्थनेचं उत्तर आलं. माझं नाव चौथ्या पानावर होतं, फुलीशिवाय. कधी लिहिलं होतं ते मी विचारलं तर त्यांनी वहीतली तारीख दाखवली. मी दार लावून बसलो होतो, त्या वर्षातली होती.

नंतर नंतर त्यांचा डावा हातही थरथरू लागला. नवीन नाव आलं की त्या मला खूण करायच्या आणि मी लिहायचो. शेवटच्या आठवड्यात त्यांनी एका नावासाठी फार वेळ घेतला, शब्द जुळत नव्हते. रात्रपाळीला येणाऱ्या परिचारिकेचं नाव होतं ते. पूर्ण नाव त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तिला विचारून ये, असं त्यांनी खुणेने सांगितलं. मी उठून बाहेर गेलो, तिला नाव विचारलं आणि परत येऊन लिहिलं.